वाचकांचे प्रश्न: घरच्या स्टुडिओसाठी मॉनिटर घेऊ की हेडफोन?

घरी गाणी बनवणाऱ्या वाचकांचे मेसेज आणि मेल गेल्या काही महिन्यांत इतके आलेत की या अंकाचं सदर त्यांनाच दिलंय. बहुतेकांचं विचारणं एकच, कमी पैशात नीट ऐकू येईल असं काय घ्यायचं, मॉनिटर म्हणजे स्टुडिओचे स्पीकर की हेडफोन, पण प्रत्येकाची खोली वेगळी, काम वेगळं, बजेट वेगळं, त्यामुळे उत्तरंही वेगळी आहेत. किमती मी मोघमच सांगतोय कारण त्या सेलमध्ये आणि डॉलरच्या भावाबरोबर सारख्या खालीवर होतात, घेताना दोन-तीन ठिकाणी विचारूनच घ्या.

प्रश्न: मी उरणचा. हळदीची गाणी, कोळीगीतं एफएल स्टुडिओवर बनवतो. आतापर्यंत सगळं मिक्सिंग घरातल्या होम थिएटरवर केलं. दोन चॅनलचा इंटरफेस (माइक, स्पीकर कॉम्प्युटरला जोडायचा डबा) आहे. २५ हजार साठवलेत आणि यामाहा एचएस ५ मॉनिटर घ्यायचं मनात आहे. खोली दहा बाय दहाची, एका भिंतीला कपाट, एका बाजूला बेड. घेऊ का? आणि भिंतीवर अंड्याचे ट्रे लावले तर चालतील का?

उत्तर: मित्रा, आधी हिशोबाचं बोलू. एचएस ५ ची जी किंमत ऑनलाइन दिसते ती बऱ्याच ठिकाणी एका नगाची असते, जोडीची नसते. स्टिरिओला दोन लागणार, वर दोन चांगल्या बॅलन्स्ड (बाहेरची घरघर न पकडणाऱ्या) केबल, स्पीकर कानाच्या उंचीला आणायला स्टँड किंवा तसं काहीतरी. २५ हजारात हे सगळं बसत नाही. पण समजा बसलं असतं तरी मी तुला आधी खोलीचं बघ असंच म्हटलं असतं.

का ते सांगतो, नीट वाच कारण यात तुझे पैसे वाचणारेत. दहा फूट म्हणजे साधारण तीन मीटर. समोरासमोरच्या दोन भिंतींमध्ये आवाज जातो-येतो तेव्हा काही ठराविक फ्रिक्वेन्सी त्या खोलीत अडकतात, तिथे उभी लाट तयार होते, आणि तीन मीटरला त्यातली सगळ्यात खालची येते ५६ हर्ट्झच्या आसपास, मग ११२, मग १६८ अशी चढत जाते. तुझी खोली चौरस आहे म्हणजे लांबी आणि रुंदी दोन्हीकडून तेच आकडे येतात आणि एकमेकांवर चढतात. आता हळदीच्या गाण्यात कीक, म्हणजे बास ड्रमचा ठोका, कुठे असते? बरोबर तिथेच, ५० ते ६० च्या पट्ट्यात. तू खोलीच्या ऐन मध्यावर खुर्ची टाकून बसलास तर तिथे ही ५६ ची लाट जवळपास शून्य असते, तुला कीकचा तळच ऐकू येणार नाही, तू तो वाढवत राहशील आणि मग तेच गाणं मांडवात डीजेच्या टॉपबासवर लागलं की नुसता गडगडाट, ढोलकीचा ठेका त्यात बुडून जातो आणि बेंजोची सुरावट तर कुठल्या कुठे. उलट मागच्या भिंतीला टेकून बसलास तर तिथे बास फुगून ऐकू येतो, मग तू कमी करतोस आणि बाहेर गाणं हडकुळं वाजतं. यात स्पीकरचा काही दोष नाही, लाखाचा स्पीकर त्या खोलीत ठेवलास तरी ५६ हर्ट्झला हेच होणार.

म्हणून तुझ्या २५ हजारांचं मी असं करेन. दहा-पंधरा हजारांच्या दरम्यान एक चांगला वायरचा हेडफोन, तोच आत्ता तुझा मुख्य मिक्सिंगचा कान, कारण हेडफोनला खोली लागत नाही. ऑडिओ टेक्निकाचा एटीएच-एम४०एक्स बघ. त्याचा मोठा भाऊ एम५०एक्स जास्त गाजलाय पण त्यात बास थोडा चढवलेला आहे, ऐकायला मजा येते, मात्र तू करतोस त्या प्रकारच्या गाण्यांना तोच बास तुला फसवेल. एम४०एक्स जास्त सरळ आहे. बायरडायनॅमिकचा डीटी ७७० प्रो सुद्धा चांगला, कानाला मखमली गादी, तासन् तास घातला तरी टोचत नाही, घेतलास तर ८० ओहमवाला घे. मला विचारशील तर तुझ्यासाठी एम४०एक्स.

उरलेल्या पैशात रॉकवूल, म्हणजे आवाज शोषणारी दगडी लोकर. हार्डवेअरवाल्याकडे किंवा इन्सुलेशनचं सामान ठेवणाऱ्याकडे ४८ डेन्सिटीचे दोन इंची स्लॅब मागायचे, दोन एकावर एक ठेवून चार इंच जाडी करायची, सुताराकडून दोन बाय चार फुटाची लाकडी चौकट, वरून सुती कापड घट्ट ताणून स्टेपल. असे चार पॅनल कर. दोन समोरच्या कोपऱ्यांत तिरके, म्हणजे मागे हवेची जागा राहील असे, आणि दोन तुझ्या डाव्या-उजव्या हाताला भिंतीवर, जिथून स्पीकरचा आवाज आपटून थेट कानावर येतो तिथे. ती जागा शोधायला मित्राला भिंतीवर आरसा सरकवायला सांग, खुर्चीत बसून ज्या जागी आरशात स्पीकर दिसेल तिथे पॅनल. रॉकवूल कापताना मास्क आणि हातमोजे घालच, त्याचे तंतू अंगाला खाज आणतात आणि छातीत जायला नकोत.

अंड्याचे ट्रे अजिबात लावू नकोस. तो पातळ कागद आहे, वरच्या पट्टीतला जरासा आवाज इकडे-तिकडे करतो, बासला तर त्याची दादच नाही, शेजाऱ्यांकडे जाणारा आवाजही थांबत नाही, आणि भिंतभर सुका कागद म्हणजे एक ठिणगी पडायचा अवकाश. एक इंची फोमचं पण थोडंफार तसंच, तो फक्त ट्रेबल खातो आणि खोली आणखी घुमल्यासारखी वाटायला लागते. त्यापेक्षा कपाटात कपडे भरलेले असू देत, बेडवर जाड कापसाची गादी असू दे, ते खरंच कामाला येतं.

मॉनिटर पुढच्या वर्षी घे. तोवर होम थिएटर फेकू नकोस, मिक्स झाल्यावर त्यावर एकदा ऐकायचं, लोकांच्या घरात तेच आहे. आणि घेशील तेव्हा पाच इंचीच घे, या खोलीत आठ इंची नको. एचएस ५ ला मागे बास बाहेर पडायचं भोक आहे, भिंतीला चिकटवून ठेवायचा असेल तर मागच्या रूम कंट्रोल बटणाने बास २ किंवा ४ डीबी खाली घेता येतो. जागा फारच कमी असेल तर पुढे भोक असलेला केआरके रॉकिट ५ हाही पर्याय आहे. दोन स्पीकर आणि तुझं डोकं मिळून समभुज त्रिकोण झाला पाहिजे, ट्वीटर (वरच्या पट्टीचा छोटा स्पीकर) कानाच्या रेषेत, आणि बसायची जागा समोरच्या भिंतीपासून खोलीच्या लांबीच्या ३८ टक्क्यांवर धरून सुरुवात कर, तुझ्याकडे ते पावणेचार फुटाच्या जरा पुढे येतं. तिथून थोडं मागे-पुढे सरकून कीक कुठे एकसारखी ऐकू येते ते कानाने ठरव.

यामाहाचं नाव तू काढलंस म्हणून एक सांगतो. एचएसचा तो पांढरा कोन, म्हणजे स्पीकरचा पडदा, आलाय एनएस-१० या यामाहाच्याच जुन्या स्पीकरवरून. १९७८ ला यामाहाने तो घरी गाणी ऐकायला म्हणून काढला होता आणि घरगुती ग्राहकांना तो फारसा आवडला नाही. बास कमी, मधला पट्टा टोचणारा. पण स्टुडिओवाल्यांनी तोच उचलला, कारण या डब्यावर आवाज आणि वाद्यं जागेवर बसली की बाहेर कुठेही गाणं पडत नाही हे त्यांच्या लक्षात आलं, आणि २००१ ला बंद होईपर्यंत जगभरच्या स्टुडिओत तो मिक्सरवर उभा होता. इंजिनिअर लोकांना त्याची खोड पाठ झालेली होती, कुठे तो जास्त बोलतो, कुठे लपवतो. तुझ्या हेडफोनची खोड तुला तशीच पाठ व्हायला हवी. आवडत्या दहा गाण्यांची, ज्यांचं मिक्स बाहेर सगळीकडे चांगलं वाजतं अशी, यादी कर आणि नवीन हेडफोनवर आधी पंधरा दिवस नुसती तीच ऐक.

प्रश्न: पुण्यात पीजीत राहतो, मराठी रॅप करतो. लॅपटॉप आहे, यूएसबी माइक आहे, इंटरफेस नाही. बजेट सहा हजार. आत्ता ब्लूटूथ हेडसेटवर रेकॉर्ड करतो पण टेक बीटवर बसतच नाही, मी ऑफ जातोय का?

उत्तर: भावा, तू ऑफ नाहीयेस, हेडसेट उशिरा वाजतोय. ब्लूटूथवर आवाज पोचायला नेहमीच्या हेडसेटमध्ये दीडशे-दोनशे मिलिसेकंद सहज लागतात. तुझा बीट ९० बीपीएमचा, म्हणजे मिनिटाला ९० ठोक्यांचा धरला तर एक सोळावा (सिक्स्टीन्थ नोट, म्हणजे एका ठोक्याचा पाव भाग) होतो १६७ मिलिसेकंदांचा. म्हणजे तू बरोबर शब्द टाकतोयस पण बीट तुला जवळजवळ एक पूर्ण सोळावा उशिरा ऐकू येतोय, त्यावर कुणीच फ्लो पकडू शकणार नाही. वर त्याच हेडसेटचा माइक चालू झाला की तो फोनवर बोलायच्या मोडमध्ये जातो आणि सगळा आवाज मोनो, दबलेला होतो, आणि ते ऐकून तू ईक्यू करतोस, म्हणजे बास-ट्रेबलचे पट्टे कमी-जास्त करतोस. ब्लूटूथ ठेव बसमध्ये गाणी ऐकायला, कामाला वायरच.

तुला क्लोज्ड-बॅक पाहिजे, म्हणजे मागून बंद. ओपन किंवा सेमी-ओपन हेडफोनमधून बीट बाहेर सांडतो आणि माइकमध्ये जातो, मग आवाजाच्या ट्रॅकमध्ये मागे हाय-हॅटची कुजबुज कायमची बसते. यूट्यूबवर स्वस्तात मस्त म्हणून सुपरलक्सचा एचडी ६८१ आणि सॅमसनचा एसआर ८५० खूप जण सांगतात, दोन्ही मिक्सिंगला पैशाच्या मानाने ठीक आहेत पण सेमी-ओपन आहेत, तुझ्या कामाचे नाहीत, आणि पीजीत रूममेट पण झोपलेला असतो. सहा हजारात एटीएच-एम२०एक्स आरामात बघ, ऑफर लागली तर एम३०एक्स. एम२०एक्सची केबल निघत नाही, तुटली की सोल्डरिंग करावं लागतं, म्हणून बॅगेत गुंडाळताना हेडफोनभोवती करकचून आवळू नकोस.

इंटरफेस नसला तरी चालेल, तुझ्या यूएसबी माइकला मागे हेडफोनचं भोक असेल तर तिथेच लाव, म्हणजे स्वतःचा आवाज उशीर न होता ऐकू येतो. ते नसेल तर लॅपटॉपच्या जॅकला लाव आणि विंडोजच्या साउंड सेटिंगमध्ये जाऊन सगळ्या एन्हान्समेंट बंद कर, बास बूस्ट, सराउंड, कंपनीने टाकलेलं जे काही असेल ते सगळं. हे बंद केलं नाहीस तर तू तुझं गाणं मिक्स करत नसून लॅपटॉपच्या बास बूस्टवर गाणं बसवतोयस. एएसआयओ४ऑल नावाचा फुकट ड्रायव्हर आहे, तो टाकून बघ, उशीर बराच कमी होतो.

रॅपला मधला पट्टा आणि ‘स’, ‘श’, ‘च’ हे सगळ्यात जास्त जपायचे, ५ ते ८ हजार हर्ट्झच्या मध्ये ते टोचतात. स्वस्त हेडफोन नेमके तिथेच कमी-जास्त बोलतात. ऑटोईक्यू नावाचा एक फुकट प्रकल्प आहे, त्यात शेकडो हेडफोनचं मोजमाप करून तयार ईक्यूचे आकडे दिलेत. तुझ्या मॉडेलचे आकडे घे आणि डॉमध्ये (डीएडब्ल्यू, म्हणजे गाणं बनवायच्या सॉफ्टवेअरमध्ये) ईक्यूत टाक. रीपर वापरत असशील तर ते मॉनिटरिंग एफएक्समध्ये टाकायचं, म्हणजे फक्त तुला ऐकू येतं, रेंडरमध्ये जात नाही. दुसऱ्या सॉफ्टवेअरमध्ये मास्टरवर टाकलंस तर एक्सपोर्टच्या आधी आठवणीने बंद कर.

प्रश्न: राम कृष्ण हरी. परभणी जिल्ह्यात आमचं भजनी मंडळ आहे, मी निवृत्त शिक्षक. अभंग रेकॉर्ड करून यूट्यूबवर टाकतो. चार इनपुटचा इंटरफेस मुलाने घेऊन दिला. दुकानदार म्हणतो २५० ओहमचा हेडफोन घ्या, जितके ओहम जास्त तितकी क्वालिटी. दुसरा म्हणतो ओपन-बॅक घ्या. आमच्याकडे पखवाज, पेटी, चार-पाच टाळ आणि गाणारे. काय घ्यावं?

उत्तर: राम कृष्ण हरी, सर. तुमचा प्रश्न वाचून फार बरं वाटलं कारण टाळ-पखवाजाचं रेकॉर्डिंग नीट होणं ही माझ्या मनातली गोष्ट आहे. इतकी जिवंत वाद्यं, आणि यूट्यूबवर ऐकावं तर टाळ कानात घुसतात, पखवाजाचा धूम कुठे ऐकूच येत नाही आणि पेटी सगळ्यांच्या उरावर बसलेली. यातलं बरंचसं ऐकण्याच्या साधनामुळे होतं.

ओहमचं आधी संपवतो. ओहम म्हणजे हेडफोन किती जोर मागतो त्याचा अंदाज, दर्जाचा त्याच्याशी संबंध नाही. डीटी ७७० प्रो हा एकच हेडफोन ३२, ८० आणि २५० ओहममध्ये मिळतो. २५० वाला तुमच्या इंटरफेसवर वाजेल पण नॉब बराच चढवावा लागेल, आणि मोबाइलला लावलात तर बारीक ऐकू येईल. सोनीचा एमडीआर-७५०६ हा ६३ ओहमचा आहे आणि १९९१ पासून रेडिओ, टीव्ही, सिनेमाच्या रेकॉर्डिस्ट मंडळींच्या गळ्यात आहे. तुम्हाला मंदिरात, सभामंडपात नेऊन काम करायचं असणार, कधी थेट फोनला लावून ऐकायचं असणार, तर ८० पर्यंतचंच बरं.

ओपन की क्लोज्ड, तर तुमचं पहिलं काम रेकॉर्डिंग आहे म्हणून क्लोज्ड. गाणाऱ्याच्या कानातून पेटीचा सूर गळून त्याच्याच माइकमध्ये शिरला तर नंतर काढता येत नाही. ओपन-बॅकचा फायदा मिक्सिंगला आहे, आवाज मोकळा वाटतो, कान तापत नाहीत, पण ते दुसऱ्या टप्प्यावर, जमलं तर. आणि ओपनमध्ये कुणी तुम्हाला डीटी ९९० प्रो सुचवला तर एक लक्षात ठेवा, त्याचा वरचा पट्टा खूप चढा आहे. टाळाचा सगळा झणत्कार तिथेच असतो. त्यावर ऐकून तुम्ही टाळ कमी करत जाल, करत जाल, आणि लोकांच्या फोनवर टाळ मेलेले वाजतील. दबलेल्या हेडफोनवर नेमकं उलटं होतं. म्हणून टाळ ठरवताना एकाच साधनावर विसंबू नका, हेडफोनवर ठरवा आणि मग फोनवर, मुलाच्या गाडीत असं ऐकून पक्कं करा.

पखवाजाबद्दल. डाव्या पुडीला कणीक लावली की तिचा आवाज खोल जातो, आणि तो धूम छोट्या स्पीकरवर ऐकूच येत नाही. साडेतीन इंची मॉनिटर घेऊ नका असं म्हणायचं कारण हेच. प्रीसोनसचा इरिस ३.५ छान छोटा स्पीकर आहे, कंपनी स्वतः त्याचा पल्ला ८० हर्ट्झपासून सांगते, गायन आणि पेटीला चालेल, पण कणकेच्या बाजूचा निवाडा त्यावर करू नये. तुमच्यासाठी ७५०६ किंवा ८० ओहमचा ७७०, यातला एक. ७५०६ तळाला थोडा हलका आणि वरती स्पष्ट बोलतो, गायकाची चूक, माइकची खरखर, टाळाचा विसंवाद लगेच पकडतो. ७७० मध्ये पखवाज जास्त भरून येतो. मिक्सिंग तुम्ही स्वतःच करणार आहात ना, मग मी ७७० कडे झुकेन. मराठवाड्याच्या उन्हाळ्यात रेक्झिनच्या गादीने कानाला घाम फुटतो, त्याची मखमली गादी सुखाची आहे आणि झिजली की सुटी मिळते.

सगळ्या मंडळाला हेडफोन लागत नाहीत. एकत्र बसून म्हणत असाल तर नेहमीसारखं समोरासमोर बसून एकमेकांना ऐकतच म्हणा, हेडफोन फक्त रेकॉर्ड करणाऱ्याच्या कानाला. वेगवेगळं रेकॉर्ड करायची वेळ आली तर बेहरिंगरचा एचए४०० हा चार हेडफोन जोडायचा छोटा डबा स्वस्तात मिळतो. आणि टाळकऱ्यांना माइकपासून मागे बसवा सर, दोन पावलं मागे. नंतर कुठल्याही ईक्यूने जमत नाही ते या दोन पावलांनी होतं.

प्रश्न: नागपूर. घरी पाच इंची मॉनिटरवर मिक्स एकदम भारी वाटतं, फोनवर लावलं की बास गायब, मित्राच्या छोट्या ब्लूटूथ स्पीकरवर गिटारपण गायब. मॉनिटर बदलू का?

उत्तर: बदलू नका, दोन्हींची कारणं वेगळी आहेत आणि दोन्हींना पैसे लागत नाहीत.

फोनचा इवलासा स्पीकर दोनशे-तीनशे हर्ट्झच्या खाली जवळपास काहीच देत नाही. तुमचा बास ५० हर्ट्झची शुद्ध साइन असेल तर फोनवर तो नसणारच. त्याला थोडं सॅच्युरेशन (आवाज जरासा फाडायचा इफेक्ट) द्या, म्हणजे १००, १५०, २०० असे त्याचेच वरचे हार्मोनिक तयार होतात, आणि आपला मेंदू वरचे ऐकून खालचा सूर स्वतः भरून काढतो. गिटारचं असं झालं असणार की कुठल्या तरी वाइडनर (आवाज डावी-उजवीकडे पसरवणाऱ्या) प्लगइनने एक बाजू उलट्या फेजमध्ये गेलीये. छोटे ब्लूटूथ स्पीकर डावं-उजवं एकत्र करून मोनो वाजवतात, मग दोन्ही बाजू एकमेकींना खातात. मास्टरवर मोनोचं बटण ठेवा आणि मिक्स करताना अधूनमधून दाबून बघा, जे पडेल ते तिथल्या तिथे सुधारा.

आणि आवाज कमी ठेवून मिक्स करा. आवाज मोठा केला की आपल्या कानाला बास आणि ट्रेबल आपोआप भरल्यासारखे वाटतात, फ्लेचर आणि मन्सन या दोघांनी हे १९३३ मध्येच मोजून दाखवलंय, त्यामुळे मोठ्या आवाजात प्रत्येक मिक्स भारीच वाटतं. शेजारी बसलेल्याशी आवाज न चढवता बोलता येईल एवढ्यावर काम करायचं, फक्त शेवटी मिनिटभर मोठा करून बास तपासायचा. दुसऱ्याच्या तयार गाण्याशी तुलना करताना ते गाणं तुमच्या मिक्सच्या बरोबरीला खाली आणा, ते मास्टर केलेलं असतं म्हणून मोठं असतं, आणि मोठं ते कानाला चांगलं वाटतं. यूट्यूब आणि स्पॉटिफाय दोघंही साधारण मायनस १४ एलयूएफएसला (गाणं किती मोठं ऐकू येतं ते मोजायचं एकक) गाणी आणून ठेवतात, त्यामुळे लिमिटरने चेपून चेपून मोठं करण्यात हाती काही लागत नाही.

प्रश्न: डोंबिवलीहून एक आई. मुलगी अकरावीत आहे, रात्री चार-पाच तास हेडफोन लावून बीट्स बनवते. छंद चांगला आहे, मोडायचा नाहीये, पण कानांची काळजी वाटते.

उत्तर: ताई, काळजी रास्त आहे आणि छंद मोडायचा नाही हे तुम्ही म्हणता त्याचा मला मनापासून आनंद आहे. कानाच्या आत आवाज टिपणाऱ्या बारीक केसांसारख्या पेशी असतात, त्या एकदा गेल्या की पुन्हा येत नाहीत, त्यामुळे इथे सांभाळूनच राहायला हवं. जागतिक आरोग्य संघटनेचा हिशोब असा आहे की ८० डेसिबलला आठवड्याला ४० तासांपर्यंत चालतं, पण ९० डेसिबलला तेच फक्त ४ तास. म्हणजे तिचे रोजचे चार-पाच तास हे आवाज किती ठेवते त्यावर ठीक किंवा धोक्याचे.

घरी करण्यासारखं सोपं आहे. ती हेडफोन लावून काम करत असताना हातभर अंतरावरून नेहमीच्या आवाजात तिला हाक मारा. संगीताच्या मध्येमध्ये तिला काहीतरी बोललेलं कळलं पाहिजे, अजिबात कळत नसेल तर आवाज जास्त आहे (तिचा हेडफोन बंद प्रकारचा असेल तर थोडं कमी कळेल, तेवढं धरा). तिच्याशी बसून एक योग्य आवाज ठरवा आणि इंटरफेसच्या किंवा स्पीकरच्या नॉबवर त्या जागी रंगीत टेपचा बारीक तुकडा चिकटवा, त्याच्या वर नॉब न्यायचा नाही. हा आईचा धाक म्हणून लावू नका, तिला सांगा की मिक्सिंग करणारे बरेच लोक नॉब एका जागी ठरवून ठेवतात, त्याने मिक्सही चांगलं होतं. दर पाऊण तासाने दहा मिनिटं कान मोकळे. रात्री उशिरा कान दमलेले असतात आणि दमल्या कानाला ट्रेबल कमी वाटतो, मग ती आवाज वाढवणार, म्हणून मिक्सचं काम शक्यतो दिवसा आणि रात्री नुसतं सुचणं, लिहिणं, बीट मांडणं.

दिवसा घरात चालत असेल तर लहान स्पीकर लावू द्या, कानाला मोकळीक मिळते. कानात शिट्टी वाजते, काही वेळ दडे बसतात असं ती कधी म्हणाली तर दुसऱ्या दिवसावर ढकलू नका, कान-नाक-घसा डॉक्टरांकडे ऑडिओमेट्री करून घ्या, ती दुखत नाही आणि थोड्या वेळात होते.

प्रश्न: कोल्हापूर. नवीन मॉनिटर घेतले, लॅपटॉपला चार्जर लावला की घुंऽऽ असा आवाज येतो, चार्जर काढला की बंद. दुकानदार बदलून देत नाही.

उत्तर: मॉनिटर बहुधा ठणठणीत आहेत. ही अर्थिंगची भानगड आहे. आपली वीज ५० हर्ट्झची, लॅपटॉप एका बोर्डावर आणि स्पीकर दुसऱ्या बोर्डावर असले की दोन्हींच्या अर्थमध्ये थोडा फरक पडतो आणि तो ऑडिओच्या वायरीतून घुमतो. सगळं एकाच चांगल्या एक्स्टेंशन बोर्डावर आणा. हेडफोनच्या जॅकमधून साध्या वायरीने स्पीकरला नेलं असेल तर ते बंद करून इंटरफेसच्या मागच्या आउटपुटमधून टीआरएस ते टीआरएस किंवा टीआरएस ते एक्सएलआर अशी बॅलन्स्ड केबल घ्या, बहुतेक वेळा तिथेच काम होतं. तरी राहिलं तर वायरमनला बोलावून घराचं अर्थिंग मोजून घ्या, जुन्या घरांत तिसऱ्या भोकात वायरच नसते. कुणी सांगेल प्लगची जाडी पिन काढून टाका, आवाज जाईल. आवाज जाईलही, पण उद्या आत काही शॉर्ट झालं तर करंट स्पीकरच्या धातूच्या पाठीत आणि तिथून तुमच्या हातात येईल, त्यामुळे तसं कधीही करू नका. आणि चालू करताना मॉनिटर सगळ्यात शेवटी, बंद करताना सगळ्यात आधी, म्हणजे तो ठप्प असा दणका ट्वीटरला बसत नाही.

प्रश्न: म्हापसा, गोवा. जुने मॉनिटर अर्ध्या किमतीत मिळतायत, घ्यावे का?

उत्तर: घ्या, पण समोर वाजवून. आपल्या किनाऱ्याच्या दमट हवेत वूफरच्या (बासच्या मोठ्या स्पीकरच्या) कडेचा फोम कुजतो, कडा बोटाने हलकेच दाबून बघा, भुसा पडत असेल तर नमस्कार करून परत या, रबराची असेल तर टिकते. फोनमध्ये ३० ते २०० हर्ट्झचा साइन स्वीप (खालून वर चढत जाणारा एकच सूर) डाउनलोड करून न्या, दोन्ही स्पीकरवर वेगवेगळा वाजवा, कुठे खडखड, फरफर आली तर कॉइल घासतोय किंवा डबा सुटलाय. मग काहीच न वाजवता ट्वीटरजवळ कान न्या, थोडी सळसळ चालते, जेबीएल ३०५पी सारख्यांत ती नव्यातही असते, पण एका स्पीकरमध्ये दुसऱ्यापेक्षा जास्त नको. मागची सगळी बटणं, नॉब फिरवून बघा, खरखर आली तर आत ओल गेलीये. अर्धा तास तरी चालू ठेवा कारण काही अँप गरम झाल्यावरच बंद पडतात. दोन्हींचे सीरियल नंबर आणि जुनं बिल मागा, आणि दोन वेगवेगळ्या जोड्यांमधले एकेक उरलेले असतील तर किंमत आणखी पाडून मागा किंवा सोडून द्या.